सोळा इंची स्क्रोल सॉ सुधारायची कशी: बडोद्यातल्या नवख्यांसाठी

श्रावण लागला की बडोद्यातल्या मराठी घरांत मखराची बोलणी सुरू होतात. सहा मिलिमीटरच्या प्लायमधून किंवा एमडीएफमधून कमानी, महिरपी, जाळ्या घरीच कापायच्या असं ठरतं आणि एखादी साधी, सोळा इंची (म्हणजे ब्लेडपासून मागपर्यंत सोळा इंच जागा असलेली) स्क्रोल सॉ घरात येते. पहिल्या आठवड्यातल्या तक्रारीही ठरलेल्या असतात: मशीन थरथरतं, ब्लेड चिमट्यातून निसटतं, गोल वळणावर कापणी रेघ सोडते. मग कुणीतरी सांगतं की स्वस्तातलं आहे, असंच चालणार.

असंच चालायला नको, आणि दुसरं महाग मशीनही लागत नाही. स्क्रोल सॉला करायचं असतं एवढंच: वरच्या आणि खालच्या भुजेच्या टोकांना असलेल्या चिमट्यांत बारीक ब्लेड ताणून धरायचं आणि ते सरळ वर-खाली न्यायचं. कुठलीही सुधारणा करताना तिने ही हालचाल अधिक सरळ होते का, एवढं विचारा. होत नसेल तर तो खर्च मागे ठेवा. दिवे, पाइप, पायाचा स्विच हे सगळं चांगलं आहे, पण त्यांची पाळी शेवटी. खाली ज्या क्रमाने लिहिलं आहे त्याच क्रमाने करा, कारण बूड हलत असताना ब्लेडचा मार्ग तपासला तर काहीच नीट कळत नाही.

हत्यारं घरगुतीच लागतील: ॲलन कीचा संच, पान्हे, सहा इंची गुण्या, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), एक चपटी आणि एक गोल बारीक कानस. पुढे चिमटे बनवायचे झाले तर टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. यातल्या प्रत्येक कामाआधी मशीनचा प्लग भिंतीतून काढा. स्विच बंद करून भागत नाही, कारण यातली बरीच कामं भुजांमध्ये बोटं घालून करायची आहेत.

आधी बूड

नुसतं टेबलावर ठेवलेलं मशीन कधीच शांत चालत नाही. भुजा मिनिटाला हजारभर वेळा वर-खाली होतात, आणि त्या झटक्यांना अडवायला खाली वजन लागतं. मशीनच्या पायांत बोल्टची भोकं दिलेली असतात, ती शोभेची नाहीत. किमान 25 मिमी जाड प्लायचा पाट घ्या, त्यावर मशीन बोल्टने आवळा आणि पाटाखाली कोटा लादीचा जाड तुकडा ठेवा. बडोद्यात लादीवाल्याकडे असे उरलेले तुकडे सहज मिळतात. लादी आणि पाट यांच्यामध्ये रबरी शीट घाला. बोल्टला नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला) नट लावा, साधा नट कंपाने सैल होतो.

स्टँड बनवत असाल तर तीन पायांचा बनवा. जुन्या घरांतली फरशी एका पातळीत नसते, आणि चार पायांचा स्टँड तिथे एक पाय हवेत ठेवून उभा राहतो. रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात लाकडी तुळयांवरच्या वरच्या मजल्यावर काम करणार असाल तर स्टँड खोलीच्या मध्ये ठेवू नका. भिंतीलगत, तुळईचं टोक भिंतीत जातं तिथे जमीन सर्वांत कमी हलते.

तपासणी सोपी आहे. टेबलावर रुपयाचं नाणं कडेवर उभं करा आणि वेग हळूहळू वाढवत न्या. एखाद्या ठरावीक वेगाला मशीन अचानक जास्त थरथरतं. तो वेग लक्षात ठेवा आणि काम करताना टाळा. वजन वाढवलं की ही जागा सरकते, तेव्हा लादी घातल्यावर पुन्हा बघा.

ब्लेड खरंच सरळ चालतंय का?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि बहुतेक लोक नेमका हाच सोडून देतात.

नवं ब्लेड लावा. जुन्या ब्लेडवर तपासणी करू नका, कारण बोथट ब्लेड मशीनमधले सगळे दोष करून दाखवतं. सागात सिलिका असते, त्यामुळे सागावर ब्लेड लवकर बोथटतं. सागाचा देव्हारा कापत असाल तर ब्लेड बदलायला कचरू नका.

आता प्लग काढलेला आहे याची खात्री करून गुण्या टेबलावर ब्लेडच्या बाजूला उभा धरा आणि मोटर हाताने हळू फिरवा. ब्लेड संपूर्ण फेरीत गुण्याला समांतर राहिलं पाहिजे. डावी-उजवीकडे सरकत असेल तर वरचा आणि खालचा चिमटा एका रेषेत नाहीत. भुजेच्या मुळाशी बोल्टखाली पातळ पत्र्याचा शिम घालून हे सुधारता येतं. थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा साधारण 0.1 मिमी जाड असतो. कात्रीने कापता येतो आणि या कामाला अगदी पुरेसा आहे.

मग गुण्या ब्लेडच्या मागे धरा आणि पुन्हा मोटर फिरवा. आता ब्लेड पुढे-मागे किती जातं ते पाहायचं. थोडं जाणारच, कारण भुजा मागच्या खिळीभोवती फिरते आणि तिचं टोक सरळ रेषेत नाही, कमानीत फिरतं. पण थोडं म्हणजे किती, हे गणित एकदा करून पाहण्यासारखं आहे.

भुजा खिळीपासून ब्लेडपर्यंत 400 मिमी धरू आणि ब्लेडचा पल्ला 18 मिमी. भुजा मधल्या स्थितीत टेबलाला बरोबर समांतर असेल तर टोक 9 मिमी वर आणि 9 मिमी खाली जातं. तेवढ्यात ब्लेड मागे सरकतं ते जेमतेम 0.1 मिमी. हे कापणीत दिसतही नाही. पण तीच भुजा 15 मिमीने वर किंवा खाली बसवलेली असेल, म्हणजे टोक समांतर रेषेपासून 6 मिमी ते 24 मिमी असं फिरत असेल, तर तेच सरकणं जवळजवळ 0.7 मिमी होतं. पाच नंबरच्या ब्लेडची रुंदी साधारण 1 मिमी असते. म्हणजे प्रत्येक फेरीत ब्लेड आपल्या रुंदीच्या दोन-तृतीयांश एवढं पुढे-मागे करतंय. सरळ कापताना हे कळत नाही. बारीक वळणावर मात्र भोक मोठं होतं, कडा फाटल्यासारखी दिसते, आणि दोष हाताला लागतो.

म्हणून फूटपट्टी घ्या, मोटर फिरवून ब्लेड पल्ल्याच्या मध्यावर आणा आणि दोन्ही भुजा टेबलाला समांतर आहेत का ते मोजा. टेबल आधी अंशाच्या खुणेवर शून्याला असू द्या. खालच्या भुजेत फरक असेल तर मोटरचे बोल्ट सैल करून मोटर थोडी वर किंवा खाली सरकवा. भोकांत जागा नसेल तर गोल कानशीने ती थोडी लांबट करा. वरच्या भुजेचा कल मागच्या ताणाच्या दांड्यावर आणि चिमट्यांमधल्या ब्लेडच्या लांबीवर ठरतो. इथेच एक साधी गोष्ट निसटते: एक ब्लेड चिमट्यात 5 मिमी आत धरलं आणि दुसरं 10 मिमी, तर वरच्या भुजेचा कल दर वेळी बदलतो. यासाठी प्लायच्या तुकड्यावर दोन खिळे ठोकून ब्लेड धरायचं माप बनवून ठेवा. प्रत्येक ब्लेड त्याच मापावर चिमट्यात घालायचं. एक पैशाचा खर्च नाही, आणि माझ्या मते या लेखातल्या कुठल्याही विकतच्या सुट्या भागापेक्षा याचा फायदा मोठा आहे.

हे सगळं जुळवूनही कापणी सतत एकाच अंगाला ओढली जात असेल तर मशीनवर घसरू नका. पत्र्यातून पाडलेल्या दातांच्या ब्लेडला एका बाजूला बारीक कंगोरा राहतो आणि ती बाजू जास्त कापते. त्यावर उपाय एकच: लाकूड किंचित तिरकं धरून पुढे सारायचं. चार-दोन दिवसांत हात आपोआप वळतो.

चिमटे

स्वस्त मशीनांवर बहुतेक पिनचं ब्लेड येतं. टोकाला आडवी पिन असते, ती खाचेत अडकवली की झालं. बाहेरची कड कापायला ते ठीक आहे. पण जाळी कापायची तर प्रत्येक घरासाठी भोक पाडून त्यातून ब्लेड ओवावं लागतं, आणि पिनसकट ब्लेड जायला पाच-सहा मिमीचं भोक हवं. बिनपिनचं ब्लेड दीड मिमीच्या भोकातून जातं. ज्याला मोगऱ्याच्या कळीएवढी घरं कापायची आहेत त्याला बिनपिनच्या ब्लेडवर यावंच लागतं.

तयार अडॅप्टर मिळतात. तुमच्या मशीनच्या खाचेत नीट बसणारा मिळाला तर तोच घ्या. नाही मिळाला तर बनवणं अवघड नाही, आणि बडोद्यात तर मुळीच नाही. 1890 साली सयाजीराव महाराजांनी धंदेशिक्षणासाठी कलाभवन काढलं त्या या शहरात लेथवर काम करणाऱ्यांची वाण कधी पडली नाही. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, लहान वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. एका नगासाठी जाताना मात्र तोंडी वर्णन करू नका. मशीनचा मूळ चिमटा किंवा खाचेचा भाग सोबत न्या आणि कागदावर मापं घालून आकृती काढा. मोठं काम चालू असताना कुणी थांबणार नाही, दुपारच्या जेवणानंतर जा.

रचना अशी. 12 मिमी चौरस माइल्ड स्टीलच्या बारचा छोटा तुकडा. खालून मधोमध हॅकसॉने सुमारे 10 मिमी खोल चीर पाडायची. एका बाजूने 4.2 मिमीचं भोक चिरेपर्यंत पाडून त्यात एम 5 चे आटे पाडायचे आणि ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा, ॲलन कीने आवळायचा स्क्रू) घालायचा. वरच्या अंगाला 3 मिमीची पोलादी आडवी पिन ठोकायची. ही पिन मशीनच्या त्याच खाचेत बसते जिथे पूर्वी ब्लेडची पिन बसत होती. दुसरा चिमटा असाच, उलटा.

यात तीन गोष्टी जपायच्या आहेत.

हॅकसॉची चीर साधारण एक मिमीची होते आणि ब्लेड जेमतेम 0.4 मिमी जाड असतं. म्हणजे स्क्रू ब्लेडला दाबून चिरेच्या समोरच्या भिंतीला टेकवणार. ब्लेड मध्यावर राहणार नाही, त्या भिंतीवर राहणार. म्हणून वरच्या आणि खालच्या, दोन्ही चिमट्यांत स्क्रू मशीनच्या एकाच बाजूला यायला हवेत. एक डावीकडून आणि एक उजवीकडून आला तर ब्लेड तिरकं बसलंच म्हणून समजा, आणि मघाशी घातलेले सगळे शिम वाया गेले.

दुसरं, ग्रब स्क्रूचं टोक वाटीसारखं खोलगट असतं. ते ब्लेडला चावतं आणि वाकवतं. स्क्रू हातात धरून तेलाच्या दगडावर त्याचं टोक सपाट घासा. जमल्यास स्क्रू आणि ब्लेड यांच्यामध्ये पितळेची छोटी चकती घाला, पकड चांगली येते. चिरेच्या भिंतीवर 220 नंबरचा पॉलिश पेपर पट्टीला गुंडाळून चार वेळा फिरवा. गुळगुळीत भिंतीवरून ब्लेड निसटतं. ब्लेडला कारखान्यातलं तेल लागलेलं असतं, त्यामुळे दोन्ही टोकं थिनरच्या फडक्याने पुसून मगच लावा. ब्लेड निसटण्याच्या तक्रारी बऱ्याचदा या फडक्यानेच मिटतात, चिमटा बदलावाच लागत नाही.

तिसरं, चिमटा त्या पिनवर मोकळा डुलला पाहिजे. भुजेचा कोन प्रत्येक फेरीत बदलतो. चिमटा खाचेत जाम असेल तर तो बदल ब्लेडला स्वतः वाकून भरून काढावा लागतो, आणि एकाच जागी हजारो वेळा वाकलं की ते चिमट्याच्या तोंडाशीच तुटतं. ब्लेड कुठे तुटलं ते नेहमी पाहा. टोकाशी तुटत असेल तर चिमट्यात दोष. मधे तुटत असेल तर तुम्ही लाकूड जोराने सारताय किंवा ब्लेड बोथट झालंय.

ताण

ब्लेड लावून, ताण देऊन, बोटाच्या नखाने सतारीची तार छेडावी तसं छेडा. थबथब आवाज आला तर ताण कमी. स्वच्छ, उंच सूर निघेपर्यंत वाढवा. मग लाकडाच्या काडीने ब्लेड बाजूने दाबा: दोन-तीन मिमीपेक्षा जास्त हलू नये. काम संपलं की ताण सोडून ठेवा, नाहीतर स्प्रिंग आणि बुश (खिळीभोवतीची धातूची नळी) दोन्ही रात्रभर ओझ्याखाली राहतात.

मागच्या नॉबने ताण देणाऱ्या मशीनवर दर ब्लेडला हात मागे न्यावा लागतो. तिथे सायकलच्या सीटला असतो तसा झटपट सोडायचा कॅम लीव्हर बसवता येतो. लीव्हर बंद केल्यावर ताण तेवढाच परत येतो, हा त्याचा खरा फायदा. जाळीची पन्नास घरं ओवायची असतात तेव्हा तो फार जाणवतो.

बुश आणि बेअरिंग

ब्लेड काढा, वरच्या भुजेचं टोक धरून आडवं हलवा. खटखट जाणवली तर मागचे बुश झिजलेत. बऱ्याच मशीनांत ते सिंटर्ड ब्राँझचे, म्हणजे अंगात तेल मुरवलेले असतात. त्यांना ग्रीस लावू नका, त्याने छिद्रं बुजतात. खिळीचा स्क्रू काढून मशीन एका कुशीवर आडवं करा, एसएई 20 किंवा 30 नंबरच्या तेलाचे थेंब खिळीपाशी सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या रात्री दुसरी कूस. बरीच मशीनं एवढ्यावर पुन्हा शांत होतात.

तेलाने भागलं नाही तर बुश बदला. बरेच जण इथे बॉल बेअरिंग बसवायचा आग्रह धरतात. मी धरणार नाही. वरच्याच मापांनी हिशेब करा: भुजा मधल्या स्थितीपासून इकडे-तिकडे फक्त सव्वा-दीड अंश फिरते. एवढ्याशा फिरण्यात बेअरिंगच्या गोळ्या पूर्ण वळतच नाहीत. त्या एकाच जागी घासत राहतात आणि कड्यावर खाचा पाडतात. भुजेच्या खिळीला गनमेटलचा बुश, रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) फिरवून नेमका बसवलेला, हाच चांगला. मोटरच्या एक्सेंट्रिकवर, म्हणजे मोटरचं फिरणं वर-खाली हालचालीत बदलणाऱ्या मध्याबाहेरच्या चकतीवर, मात्र पूर्ण फेरा असतो, तिथे बॉल बेअरिंगच हवं. जुन्याच्या कड्यावरचा नंबर वाचा आणि त्याच नंबरचं, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं घ्या. लाकडाचा भुसा उघड्या बेअरिंगला फार दिवस टिकू देत नाही.

टेबल

ब्लेडभोवतीचं भोक मोठं असतं, बारीक तुकडे त्यात पडतात आणि खालची कड फाटते. 3 मिमीची ॲक्रिलिक शीट टेबलाच्या आकाराची घ्या, मधे दीड मिमीचं भोक पाडा, पुढून तिथपर्यंत ब्लेडनेच चीर कापून आत या आणि शीट डबल टेपने चिकटवा. भोक झिजलं की शीट सरकवून नवं भोक. अंशाच्या खुणांवर विसंबू नका. जाड ठोकळ्यात थोडी चीर कापा, ठोकळा फिरवून मागच्या बाजूने ती चीर ब्लेडवर आणा. ब्लेड न अडता आत गेलं तर टेबल काटकोनात आहे. पावसाळ्यात लोखंडी टेबल रात्रीत गंजतं, म्हणून मेणाचा हात द्या. सिलिकॉनचा स्प्रे नको, त्याचा अंश लाकडावर गेला की पॉलिश धरत नाही.

हवा, वेग, पायाचा स्विच

मशीनबरोबर येणारा भाता रेघेवरचा भुसा नीट उडवत नाही. माशांच्या टाकीचा एअर पंप लावा. तो स्वतंत्र चालतो, त्यामुळे मशीन सावकाश चालवलं तरी फुंक कमी होत नाही. नळीच्या टोकाला रिकाम्या रिफिलचा तुकडा घालून तो ब्लेडपासून बोटभर अंतरावर वाकवा. भुसा उडतो तो नाकात जातो, विशेषतः एमडीएफचा. लाकडाचा भुसा कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे, तेव्हा साधा रुमाल न बांधता नीट बसणारा मास्क आणि चष्मा घाला.

वेग कमी-जास्त करायला पंख्याचा रेग्युलेटर लावायचा सल्ला हमखास मिळतो. मोटरवरची पट्टी वाचा. इंडक्शन मोटर असेल तर रेग्युलेटरने वेग नीट बदलत नाही, ताकद जाते आणि मोटर तापते. बडोद्याच्या मे महिन्यात ती लवकरच जळेल. अशा मोटरला टप्प्यांची पुली हाच सरळ मार्ग. कार्बन ब्रशची मोटर असेल तर तिच्या वॅटला साजेसा कंट्रोलर चालतो.

पायाचा स्विच जाळी कापणाऱ्याने जरूर लावावा, कारण दोन्ही हात लाकडावर राहतात. दाबलं की चालू आणि पाय उचलला की बंद, असाच घ्या. एकदा दाबून चालूच राहणारा नको. धातूच्या पेटीचा असेल तर तिला अर्थिंग द्या आणि वायर मशीनच्या मागून न्या. ब्लेड ओवताना मात्र स्विचवरून पाय काढून भागणार नाही, प्लगजवळचा मुख्य स्विचही बंद करा. तो मुख्य स्विच बसल्या जागेवरून हाताला येईल असा टेबलाच्या डाव्या पायावर बसवून घ्या, नाहीतर विसाव्या घरापाशी उठायचा कंटाळा येतो.